पाटातलं वाण

वाघजाईवाडीत नव्या सुनेनं पहिल्या संक्रांतीला काय लुटलं, हे तिच्या नावाइतकंच पक्कं लक्षात राहायचं. कुणी आरसे लुटले, कुणी फण्या, कुणी कुंकवाचे करंडे. मारुतरावांच्या सुनेनं तर पितळी पळ्या लुटल्या होत्या, आणि चार वर्षं उलटली तरी ती पाणवठ्यावर यायची ती अशी, की जणू वाडीतल्या सगळ्या आमट्या तिच्याच जिवावर ढवळल्या जातायत! म्हणून १९५४ च्या संक्रांतीला, भोगीच्या आदल्या दिवशी, बबनरावांच्या ओट्यावर त्यांच्या व्याह्यानं एक ओलं गोणपाट आणून टेकवलं आणि त्यातून हिरवट पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा त्यांच्या बायकोचा, रुक्मिणीबाईंचा, चेहरा बघण्यासारखा झाला.

"दत्तोबा, ह्ये काय वं आनलंत?"

"वाण, विहीणबाई. पोरीच्या पहिल्या संक्रांतीचं."

"ते कळलं. पर हाय काय?"

"गवात."

चुलीपाशी बसलेल्या नव्या सुनेला, इंद्रायणीला, वाटलं, आता ह्या चुलीतच शिरावं. तिचा बाप भोसरीच्या अलीकडं एका पारशी शेटजींच्या म्हशींच्या फारमावर वैरण कापायचा. फण्या-आरसे आणण्याची ऐपत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण गवत?

"तसलं न्हाई वो," दत्तोबा घाईघाईनं सांगू लागला. "बोटीतनं आल्यालं हाय, समुद्रापल्याडचं. पॅरा म्हनत्यात त्येला. शेटजींच्या म्हशी पेंड हुंगून तोंड फिरवत्यात, पर ह्ये दिसलं की दावं तोडत्यात. अन् बी नको, नांगर नको. एक पेर ओल्यात खुपसलं की उगवतंय."

"म्हंजी बायांनी वटी पसरायची अन् सुनंनं त्यात वैरन टाकायची? आमी काय म्हशी हाव?"

दत्तोबा चहा न घेताच उठला. जाताना लेकीकडं बघायची त्याला हिंमत झाली नाही.

पण इंद्रायणी काही मान खाली घालून मुळूमुळू रडणाऱ्यातली नव्हती. सतरा वर्षांची होती, सातवी पास होती, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर तिनं 'आपली जनावरे' या विषयावर न अडखळता भाषण ठोकलं होतं. तिनं गोणपाट सोडलं, कांड्या धुतल्या, पाच-पाच पेरांचे तुकडे केले आणि हळदीत भिजवलेल्या दोऱ्यानं एक्केचाळीस जुड्या बांधल्या. संक्रांतीला बाया जमल्या, हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि सगळ्यांच्या नजरा वाणाच्या सुपाकडं वळल्या, तशी ती पदर खोचून उभीच राहिली.

"फणी मोडते. आरसा फुटतो. करंड्याचं झाकण पोरं हरवतात," ती म्हणाली. "हे वाण मोडलं तरी वाढतं! न्हाणीच्या पाण्यावर लावा. पुढच्या संक्रांतीला तुमची म्हैस किती दूध देते ते मला येऊन सांगा."

मग मागून एकजण ओरडली, "अगं रुक्मिणे, मंग म्हशीला बी बलवायचं हुतंस की हळदीकुंकवाला! तिला लावलं असतं शिंगाला!" सगळा ओटा हसला. हसता हसता पदर मात्र पुढं झाले. वाणाला नाही म्हणता येत नाही, आणि घेतलेलं वाण उकिरड्यावर टाकता येत नाही. त्या संध्याकाळी वाडीतल्या एक्केचाळीस न्हाण्यांच्या मागं एक्केचाळीस जुड्या चिखलात रोवल्या गेल्या. उरलेल्या कांड्या इंद्रायणीनं आपल्या विहिरीच्या पाटाकाठानं हातभर अंतरावर एकेक करून खुपसल्या. रुक्मिणीबाई कौतुकानं म्हणाल्या, "जिभंला हाड न्हाई पोरीच्या, पर अब्रू राखली."

एक बाई मात्र त्या ओट्यावर नव्हती. कौशल्याबाई. बबनरावांच्या चुलतभावाची बायको. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. सुगडांत घालायला हरभऱ्याचे घाटे आणि गाजरं तिच्याच वावरातून आली होती. सकाळी मागच्या दारानं पाटी ठेवून ती निघूनही गेली होती. "काकी नाही येणार?" असं इंद्रायणीनं विचारलं, तेव्हा सासूनं तिच्याकडं बघून एवढंच म्हटलं, "सातवी शिकलीस न्हवं तू?"

आता गवताचं ऐका. दत्तोबा खोटं बोलला नव्हता. पंधरा दिवसांत पेरापेराला कोंब आले, होळीपर्यंत पाटाची कड हिरवीगार झाली, आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर तर ते असं पसरलं की कापून आणलेल्या जागी चौथ्या दिवशी पुन्हा कापायला यावं! बबनरावांच्या दोन्ही म्हशींचं दूध पाणचट न होता वाढलं. पिंपरीला औषधांची कंपनी उभी राहत होती, तिथं माणसांची जत्रा लागली होती, चहाच्या टपऱ्या फुटत होत्या, आणि मीरासाहेब दूधवाले सायकलीला दोन कॅन अडकवून रोज पहाटे दारात उभे राहायचे. "बबनराव, तुमचं दूध पाणी घातलं तरी घट्टच राहतं बघा, टपरीवाले त्याच्यासाठी भांडतात," ते म्हणायचे, आणि बबनराव मिशीतल्या मिशीत हसायचे. दिवाळीच्या सुमारास गोठ्यात तिसरी म्हैस आली.

बाकीच्या घरांतून मात्र वेगळंच ऐकू यायला लागलं. न्हाणीमागचं गवत परसात आलं होतं, परसातून लसणाच्या वाफ्यात, तिथून ओढ्यात. उपटावं तर वरचं हातात यायचं, खालचं पेर मातीत हसत राहायचं. खुरपं लावलं की एकाचे चार. वाडीतल्या बायांनी त्याचं परदेशी नाव केव्हाच सोडून दिलं होतं. "इंद्रीचं गवात" म्हणायच्या. "आज काय, इंद्री उपटाया जायचं का?" असं एकमेकींना विचारायच्या आणि इंद्रायणी दिसली की खुसखुसायच्या. तीही हसायची. पहिल्या पहिल्यांदा खरोखरच, नंतर हसावं लागतं म्हणून.

पण हसण्यावारी नेता येणार नाही असं एकच वावर होतं, आणि ते कौशल्याबाईचं.

विहीर सामाईक होती. पाट आधी बबनरावांच्या वावराच्या लांबीभर जायचा आणि मग शेवटाला कौशल्याबाईच्या सव्वा एकराला लागायचा. तिचं पोट म्हणजे त्या सव्वा एकरातला उन्हाळी कांदा. बाकी काही आलं तर तोंडी लावण्यापुरतं. आठ दिवसांतून एकदा, शनिवारी, तिची पाण्याची पाळी. मारुतराव त्या दिवशी आपले बैल तिच्या मोटेला जुंपायचे आणि बदल्यात ती त्यांच्या वाफ्यांत खुरपायला जायची. असं सात वर्षं चाललं होतं. आता ते चालेना. १९५५ च्या माघात बैल सकाळपासून दुपारपर्यंत धावेवर वर-खाली होत राहिले तरी पाणी तिच्या वावराला पोचेना. पाट गवतानं गच्च भरला होता. पाणी मधेच फुगायचं, काठ फोडायचं आणि बबनरावांच्याच वावरात शिरायचं. तिथं गवत आणखी माजायचं.

पाट ज्याच्या हद्दीत, साफ करायचा त्यानं, हा वाडीचा जुना रिवाज. दुसऱ्याच्या हद्दीत कुदळ घालायची नाही. त्यावरून डोकी फुटलेली होती. म्हणून कौशल्याबाई एके दिवशी दुपारी पदर कपाळापर्यंत ओढून दाराच्या चौकटीपाशी येऊन उभी राहिली. बबनराव समोरच सुपारी कातरत बसले होते. पण थोरल्या दिराशी थेट बोलायचं नसतं, म्हणून ती रुक्मिणीबाईंशी बोलली.

"जाऊबाई, दादास्नी सांगा, कांदा गाठ धरायला लागलाय. आता तीन पाण्यांचा परश्न हाय. पाट तेवढा मोकळा करून द्या म्हनावं."

बबनराव सुपारीला म्हणाले, "बघू."

"बघू म्हनत्यात," रुक्मिणीबाईंनी चार हातांवरून निरोप पोचवला.

"मागल्या पाळीला बी बघूच म्हनलं हुतं. जाऊबाई, दादा नुसतं व्हय म्हनू द्यात, कुदळ मी मारते. हद्द तुमचीच ऱ्हाईल. मला काय तुमची जमीन न्यायची हाय?"

"अगं, पर म्हशीस्नी काय घालू? तुजा कांदा?" रुक्मिणीबाई फटकन बोलल्या. "पाटातलं तेवढं गवात हिरवं हाय ह्या दिसांत. जरा दम धर की."

कौशल्याबाईनं चौकटीवरचा हात काढला. आत इंद्रायणी जात्यापाशी बसली होती, तिच्याकडं तिनं पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"गंमत बघ पोरी," ती म्हणाली, "साऱ्या वाडीला वाण दिलंस तू. मला तेवढं दिलं न्हाईस, देता येत न्हवतं. अन् आलं मातर ते माज्याच घरी."

ती गेल्यावर रुक्मिणीबाई कितीतरी वेळ तिच्या तोंडाळपणाबद्दल बोलत राहिल्या. इंद्रायणीच्या हातातलं जातं फिरतच राहिलं, पण घास घालायची तिला शुद्ध नव्हती. दगडावर दगड नुसता घरघरत होता.

त्या रविवारी तिचा नवरा यशवंत पिंपरीहून आला. कंपनीच्या बांधकामावर तो मुकादमाच्या हाताखाली होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तिनं त्याला सांगून पाहिलं. "तात्यांपुढं मी बोलू?" तो म्हणाला, आणि अशा नवलानं म्हणाला की तिला पुढं काही विचारावंसंच वाटलं नाही.

मग तिनं स्वतःच ठरवलं. ठरवल्यावर तिला फार बरं वाटलं, अगदी त्या साहेबांसमोर उभं राहिल्यासारखं. शनिवारी चाकणचा बाजार. सासू-सासरे दोघंही गाडीत बसून गेले की दिवस कलल्याशिवाय परत यायचे नाहीत. आणि शनिवारच कौशल्याबाईच्या पाळीचा! गाडी वळणाआड गेली न गेली तोच इंद्रायणीनं गोठ्यातली कुदळ उचलली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि पाटात उतरली.

काय खणलं तिनं त्या दिवशी! आयुष्यात इतकं खणलं नव्हतं. गवताच्या मुळ्या एकमेकींत वेणीसारख्या गुंतल्या होत्या. एक घाव घालावा तर हातभर चटईच वर यायची. ती चटई ओढायची, तोडायची, काठावर फेकायची. पुन्हा घाव. तळहाताला फोड आले आणि फुटले. डोक्यावर ऊन आलं. धावेवरून मारुतराव ओरडले, "सूनबाई, सासऱ्याला इचारलंय न्हवं?" तिनं खोटंच उलट ओरडून सांगितलं, "व्हय!" आणि खणत राहिली. काठावर गवताचे ढीग लागले. पाटाच्या तळाला काळा चिखल राहिला. चिखलात तुकडे होते, बोटाएवढे, पेराएवढे, शेकडो. पण पाट मोकळा झाला होता ना! तिला तेवढंच दिसत होतं.

दुपारी मोट रिकामी झाली आणि पाणी निघालं. कुठं अडलं नाही, कुठं फुगलं नाही, सरसर सरसर बबनरावांची हद्द ओलांडून गेलं. इंद्रायणी पाण्याबरोबर पाटाच्या काठानं पळत सुटली, केस सुटलेले, अंगभर चिखल. टोकाला कौशल्याबाई हातात फावडं घेऊन उभी होती. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं तेव्हा ती आधी नुसती बघत राहिली. मग तिनं ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं.

"तू काढलास पाट?"

"हो, काकी."

"त्येंनी सांगितलं?"

"नाही."

कौशल्याबाईनं तिचे हात उलटे करून फोड बघितले, आणि पदराच्या टोकानं चिखल पुसला. त्या वेळी इंद्रायणीला वाटलं, आपण जगातलं सगळ्यांत चांगलं काम केलंय. वाफ्यामागून वाफा भरत गेला. पाण्यावर तरंगत हिरवे-पांढरे तुकडे येत होते, कांद्याच्या पातींशी अडत होते, पाणी मुरलं की मातीवर टेकत होते. दोघींनीही ते पाहिले. कुणी चार वेचून बांधावर फेकले. एवढ्या आनंदात कोण वाकून मोजतंय?

संध्याकाळी घरी बोलणी खावी लागली. रुक्मिणीबाईंनी उलटा हात उगारला होता. बबनरावांनी मात्र पाटाकडं बघितलं, ढिगांकडं बघितलं, आणि पुढचे आठ दिवस म्हशींना ते ढीग घातले.

अकराव्या दिवशी कौशल्याबाईच्या वाफ्यांत कोंब दिसले.

एका वाफ्यात नाही, सगळ्यांत. कांद्याच्या दोन ओळींमधे, पातीच्या बुडाशी, जिथं जिथं पाणी गेलं होतं तिथं तिथं. कांदा पोसायच्या दिवसांत खुरपं घालणं म्हणजे त्याच्या मुळ्या हलवणं, आणि न घालणं म्हणजे गवताला रान मोकळं सोडणं. कौशल्याबाईनं खुरपलं. इंद्रायणी घरची कामं टाकून चोरून तिच्या मदतीला जाऊ लागली. दोघी शेजारी बसून बोटांनी एकेक पेर उकरून काढायच्या. चार दिवसांनी त्याच जागी दुप्पट. "खालचं ऱ्हातंय," कौशल्याबाई म्हणायची. आणि मग एकदा खुरपता खुरपता तिनं विचारलं, "पेरापासनं उगवतं ह्ये तुला म्हाईत हुतं?"

इंद्रायणीला खोटं बोलता आलं असतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मीच सांगत होते सगळ्यांना."

कौशल्याबाई खुरपत राहिली. पण दुसऱ्या दिवशी इंद्रायणी गेली, तेव्हा तिनं तिला खुरपं दिलं नाही. "घरी जा," एवढंच म्हणाली.

चैत्रात कांद्याच्या माना पडल्या आणि तो निघाला. सगळी चिंगळी. सुपारीएवढी, फार तर लिंबाएवढी. चाकणच्या पेठेत अडत्यानं पोत्यात हात घातला आणि न बघताच बाहेर काढला. पाऊस लागल्यावर त्या सव्वा एकरात वावर कुठलं आणि बांध कुठला ते ओळखू येईना. हिरवागार गालिचा, मांडीएवढा उंच, वाऱ्यावर डुलणारा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, काय भाग्यवान शेत आहे!

दसऱ्याच्या आधी बबनरावांनीच निरोप पाठवला. वावर अर्धेलीनं आपल्याला करायला द्यावं. नाहीतरी त्यात आता गवतच येतंय, तर गवतच ठेवू. कौशल्याबाईनं दाराच्या चौकटीपाशी येऊन, कपाळापर्यंत पदर ओढून, जाऊबाईंना सांगितलं, "दादास्नी म्हनावं, करा."

त्या दिवशी जेवताना बबनराव खूश होते. गोठ्यात चौथी म्हैस बांधता येईल असं सांगत होते. भाकरी वाढायला इंद्रायणी पुढं झाली, तशी त्यांनी मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून इतक्या मायेनं ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

"घरात तवा तुला बोलनी बसली," ते म्हणाले. "पर सूनबाई डोक्याची निघाली. एका दिसाच्या खनण्यात सव्वा एकर घरात आनलं."

"मामंजी, मी त्यासाठी नव्हतं..."

"अगं, भाईर कशाला सांगतीस!" रुक्मिणीबाई हसून म्हणाल्या. "आमी काय परकी हाव? लेकरा, शिकल्याली असावी तर अशी." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या ताटात लोण्याचा गोळा घातला.

इंद्रायणीनं यशवंतकडं बघितलं. तोही हसत होता. जरा भीतच, पण कौतुकानं.

ही गोष्ट घरात राहिली नाही. चार दिवसांत वाडीभर झाली. पाणवठ्यावर आता कुणी खुसखुसेना. ती आली की बाया हंडे सरकवून जागा द्यायच्या. आपल्या वावराला तिची नजर लागू नये म्हणून देतात तशी.

कौशल्याबाई आपल्याच वावरात गवत कापायला यायची. अर्ध्या वाट्याचं गवत तिचं, पण तिच्याकडं म्हैस नव्हती, म्हणून तेही बबनरावांच्याच गोठ्यात जायचं आणि तिला कापणावळ मिळायची. कार्तिकातल्या एका सकाळी इंद्रायणी मुद्दाम तिथं गेली. दव होतं. कौशल्याबाईचा विळा जमिनीला लागून सपसप चालला होता. इतकं साफ कापत होती ती, की मागं एक काडी उभी राहत नव्हती.

"काकी, मी मुद्दाम नाही केलं," इंद्रायणी म्हणाली. तिनं वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एवढंच तोंडातून आलं. "सगळे म्हणतात, मी ठरवून केलं. तुम्ही तरी..."

विळा थांबला.

"मला ठावं हाय," कौशल्याबाई म्हणाली. "तुजे हात बघितले हुते मी."

इंद्रायणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढं सरकली. पण कौशल्याबाईनं विळ्याच्या मुठीनंच तिला जरा लांब धरलं.

"मुद्दाम केलं असतंस न्हवं, तर तुज्या दारात बसून बोंब मारली असती. साऱ्या वाडीला गोळा केलं असतं. आता कुनाच्या नावानं मारू?"

ती पुन्हा वाकली. कापलेलं गवत तिनं ओळीनं लावलं, दोरी सरळ केली, गुडघा टेकवून भारा आवळला. भारा मोठा होता, ओला होता. एकट्या बाईला उचलून डोक्यावर घेता येण्यासारखा नव्हता. तिनं आजूबाजूला बघितलं. रानात दुसरं कुणीच नव्हतं.

"हात लाव," ती म्हणाली.

इंद्रायणीनं खाली वाकून भाऱ्याला हात घातला, आणि दोघींनी मिळून तो उचलून कौशल्याबाईच्या डोक्यावर ठेवला. दवाचं पाणी तिच्या कपाळावरून, गालांवरून ओघळलं. ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. ती वळली आणि बबनरावांच्या गोठ्याच्या दिशेनं चालू लागली.